वाइन, काकई आणि बाबा : मार्लबरोमधला एक दिवस

हेडफोन लावून लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर तसंच ऐका, काही घाई नाही.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की न्यूझीलंडमध्ये राहतेस तर तिथल्या एखाद्या ट्रिपबद्दल सांग ना. तर आज तेच. एका दिवसाची ट्रिप. सकाळी वाइनरी, दुपारी बोटीत बसून शिंपल्या. पण खरं सांगायचं तर आजचा भाग ट्रिपबद्दल कमी आणि माझ्या एका चुकीबद्दल जास्त आहे. आणि हो, हे सगळं बाबांना विचारून सांगतेय. ते म्हणाले, "सांग बिनधास्त. फक्त मी काकई किती खाल्ली ते पण सांग." सांगते, बाबा. पुढे येईलच.

आधी जागा समजून घेऊ. मी वेलिंग्टनला राहते, नोकरी सॉफ्टवेअरची. वेलिंग्टन हे उत्तर बेटाचं दक्षिण टोक. तिथून फेरीबोटीत बसलं की साधारण साडेतीन तासांत कुक सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला पोचतो. पिक्टनपासून गाडीने अर्ध्या तासावर ब्लेनम नावाचं गाव आहे. या सगळ्या भागाला मार्लबरो म्हणतात. सिगारेटचा काही संबंध नाही! (हसते) न्यूझीलंडच्या एकूण द्राक्षमळ्यांपैकी दोन तृतीयांशापेक्षा जास्त मळे या एका भागात आहेत. आणि त्यात मुख्य द्राक्ष एकच, सोव्हिन्यॉ ब्लांक. नाशिकला सुलाने सुरुवातीला ज्या जाती लावल्या, त्यातली एक हीच.

गंमत बघा. इथे पहिला छोटासा मळा १८७३ मध्ये लागला होता. पण मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये. त्याआधी ही जमीन म्हणजे मेंढ्यांची कुरणं आणि शेती. वायराउ नदीने आणून टाकलेले गोटे आणि रेव, पाणी धरून न ठेवणारी माती, दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. द्राक्षाला हेच मानवलं. म्हणजे आज आपण जे "जगप्रसिद्ध" वगैरे म्हणतो, ते सगळं माझ्या बाबांपेक्षा वयाने लहान आहे.

आता बाबांकडे येऊ.

बाबांचं रत्नागिरीत टू-व्हीलरचं गॅरेज आहे. हात कायम ग्रीसचे. माणूस एकदम हुशार, इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. आणि मी शाळेत होते तेव्हापासून ते रोज प्यायचे. मारहाण, आरडाओरडा असलं काही नाही. नुसते नसायचे. घरात असून नसायचे. माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी आई पेढे घेऊन शेजाऱ्यांकडे गेली आणि मी एकटी गॅलरीत बसून गॅरेजच्या दिशेने बघत होते. ते रात्री साडेअकराला आले आणि सरळ झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं, "किती पडले गो?"

मी लोणेऱ्याला बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला असताना आई माहेरी निघून गेली. दोन महिने आली नाही. त्यानंतर बाबा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांचा गट असतो. फी नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही. फक्त जायचं, बसायचं, बोलायचं, ऐकायचं. बाबा आजही जातात. नऊ वर्षं झाली. एक थेंब नाही.

मग नऊ वर्षं न प्यायलेल्या माणसाला मी वाइनरीच्या ट्रिपला का नेलं?

हाच प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. नाही विचारला.

आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात आले होते. जानेवारी म्हणजे इथला उन्हाळा. माझ्या डोक्यात होतं की त्यांना सगळ्यात भारी काय ते दाखवायचं. ऑफिसमधले सगळे या ट्रिपबद्दल बोलायचे. सकाळी ब्लेनमच्या जवळ दोन वाइनरी, मग हॅवलॉक गावातून बोट, बोटीवर ताज्या शिंपल्या. शिंपल्या म्हटल्यावर मला लगेच बाबा आठवले. मी पॅकेज बुक केलं. तिघांचं. टेस्टिंगसकट, कारण टेस्टिंगशिवाय पर्याय दिसला नाही, आणि मी ईमेल करून विचारलंही नाही.

आणि घरी काय सांगितलं? "बोटीवर शिंपल्या खायला जायचंय, वाटेत द्राक्षांचे मळे बघू." टेस्टिंगचा ट पण काढला नाही. मी स्वतःची समजूत घातली की नऊ वर्षं झाली, आता काय होतंय. खरं कारण वेगळं होतं. मला तो विषय काढायचाच नव्हता. आमच्या घरात बाबांची दारू सुटली, पण तिच्याबद्दल बोलणं कधी सुरूच झालं नाही.

आदल्या दिवशी फेरीने आलो, ब्लेनमला मुक्काम केला. सकाळी दहाच्या सुमारास व्हॅन आली. आम्ही तिघं आणि दोन वयस्कर जोडपी. ड्रायव्हरच गाइड. पहिली वाइनरी रेनविक गावाच्या बाजूला. सुंदर लाकडी इमारत, समोर सरळ रेषेत वेली, मागे कोरडे तपकिरी डोंगर. आई म्हणाली, "अगो, सांगलीसारखंच दिसतंय की."

आत गेलो. लांब काउंटर. आणि काउंटरवर प्रत्येकासमोर पाच ग्लास मांडून ठेवलेले. आमच्या तिघांसमोर पंधरा ग्लास.

आईने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

काउंटरवरच्या मुलीने हसत हसत पहिल्या ग्लासात ओतायला सुरुवात केली. टेस्टिंगला ओततात ते थोडंसंच असतं, दोन-तीन घोट. बाबांच्या ग्लासापाशी आल्यावर बाबांनी ग्लासावर तळहात ठेवला आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "नो मॅडम. माय कोटा फिनिश." ती हसली, तिला वाटलं विनोद आहे. तिने पाण्याचा जग पुढे सरकवला. बाबांनी पाणी घेतलं, प्यायले, आणि "जरा बाहेर बघून येतो" म्हणून निघून गेले.

मी काय केलं असेल? मी तिथेच उभी राहिले. पाच मिनिटं. ती मुलगी सांगत होती की या वाइनला ढोबळी मिरचीसारखा जो वास येतो तो पायराझिन नावाच्या रसायनामुळे, आणि पॅशनफ्रूटसारखा येतो तो थायॉलमुळे. एरवी मी असलं काही ऐकून दहा प्रश्न विचारले असते. तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं.

मग एक गोष्ट झाली. आईने समोरचा ग्लास उचलला. माझ्या आईने! आयुष्यात तिने दारूचा द्वेष केलाय. तिने तो नाकाजवळ नेला, वास घेतला आणि म्हणाली, "हा तर पेरूचा वास." थोडा वेळ थांबली. "मला वाटायचं सगळ्यालाच घाण वास येतो." ग्लास खाली ठेवला. प्यायली नाही. "जा," म्हणाली, "बाबांकडे जा."

बाबा मळ्याच्या कडेला एका उंच खांबाखाली उभे होते. खांबावर विमानासारखा दोन पात्यांचा पंखा. मी जवळ गेले तर म्हणाले, "हे कशाला असेल?"

मला माहीत होतं, कारण येताना गाइडने सांगितलं होतं. वसंतात वेलींना कोवळे फुटवे येतात तेव्हा रात्री दहिवर गोठलं तर सगळं पीक जळतं. थंड हवा जड, ती जमिनीलगत बसते. तिच्या वर जरा उबदार हवेचा थर असतो. हा पंखा तो वरचा थर खाली खेचतो आणि मिसळतो. एखाद-दोन अंशांचा फरक पडतो, पण तेवढ्यात पीक वाचतं.

"इंजिन कुठाय? खाली?" बाबांनी पेटीत डोकावायचा प्रयत्न केला. कुलूप होतं.

मी म्हटलं, "बाबा, सॉरी."

ते काही बोलले नाहीत. मग पंख्याकडेच बघत म्हणाले, "वास आला गो. आत पाऊल टाकल्या टाकल्या. नऊ वर्षं झाली तरी अंगाने लगेच ओळखला."

मी रडायला लागले. तर म्हणाले, "रडू नको. मी नाही घेतली ना? घेणार पण नाही. पण तू मला सांगायला हवं होतंस."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"आलो असतो. तयारी करून आलो असतो. रात्री मीटिंगवाल्या दोस्ताला फोन केला असता, सकाळी पोटभर खाल्लं असतं, आत जाणार नाही हे आधीच ठरवलं असतं. आज मी तयारी नसताना आत गेलो. तो धोका आहे. दारू समोर असणं हा धोका नाय, रत्नागिरीत काय कमी दुकानं आहेत? अचानक समोर येणं, हा धोका."

मंडळी, हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय. मी इंजिनिअर आहे. सिस्टीम बंद पडते ती लोड जास्त आला म्हणून नाही, तर न कळवता आला म्हणून, हे मी रोज ऑफिसमध्ये बघते. आणि घरी मी नेमकं तेच केलं होतं.

मग ते म्हणाले, "दुसरं काय ठरवलंयस ते आत्ता सांग. सगळं."

मी सगळं सांगितलं. अजून एक वाइनरी आहे. मग बोट. बोटीवर शिंपल्यांबरोबर एक ग्लास वाइन देतात.

"ठीक. दुसऱ्या ठिकाणी मी गाडीत बसतो. बोटीचं बोटीवर बघू."

दुसऱ्या वाइनरीत आई आणि मी आत गेलो. मी चव घेतली आणि थुंकली. हो, टेस्टिंगला थुंकतात! काउंटरवर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. आई म्हणाली, "ही तर पिकदाणी." (हसते) जे व्यवसायाने चव घेतात ते दिवसाला कितीतरी वाइन चाखतात, सगळी गिळली तर कामच करता येणार नाही. पण खरं सांगू? मला त्या दिवशी कशाचीच चव लागली नाही.

बाहेर आलो तर बाबा आणि ड्रायव्हर व्हॅनचं बॉनेट उघडून उभे! ड्रायव्हरही अर्थात कोरडाच. इथे वीस वर्षांवरच्या माणसाला रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आपल्याकडे ३० आहे. पण तो म्हणाला की कामावर असताना मी शून्यच ठेवतो. बाबा मला म्हणाले, "बघ, हा पण माझ्यातलाच."

तिथून हॅवलॉक. ब्लेनमपासून साधारण चाळीस किलोमीटर. इटुकलं गाव, पण स्वतःला हिरव्या शिंपल्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. आणि अणूच्या पोटात केंद्रक असतं हे शोधणारा अर्नेस्ट रदरफोर्ड लहानपणी याच गावातल्या शाळेत शिकला. हे बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग त्याने पण काकई खाल्ली असणार."

आता काकई. रत्नागिरीकरांना सांगायला नको. मालवणकडे शिनाणे म्हणतात. ओहोटीला खडपावर चिकटलेली ती लांबट, हिरव्या कडेची शिंपली. आपली आणि न्यूझीलंडची, दोन्ही एकाच कुळातल्या. आपली पेर्ना व्हिरिडिस, यांची पेर्ना कॅनॅलिक्युलस. चुलत बहिणी म्हणा. फक्त इथली आकाराने चांगली दणकट.

बोट पेलोरस साउंडमध्ये शिरली. हे साउंड म्हणजे बुडालेल्या नदीच्या दऱ्या. दरीत समुद्र शिरला आणि डोंगरांचे माथे वर राहिले. त्यामुळे पाणी एकदम शांत, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर. आई म्हणाली, "जयगडच्या खाडीत आल्यासारखं वाटतंय." आणि पाण्यावर काळ्या तरंगत्या पिंपांच्या लांबच लांब रांगा. ती शिंपल्यांची शेती.

बोट एका रांगेला लागली. कप्तानाने समजावलं आणि मी बाबांना मराठीत सांगत गेले. पिंपांना जाड दोर बांधलेले, ते दोन्ही टोकांना तळाशी नांगरलेले. त्या दोरांवरून खाली पाण्यात दोर सोडलेले, त्यावर शिंपल्या वाढतात. त्यांना खाणं घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात. सगळ्यात भारी म्हणजे बियाणं. बरंचसं बियाणं येतं उत्तर बेटाच्या पार वरच्या टोकाहून, नाइंटी माइल बीचवरून. तिथे समुद्री शेवाळ वाहून किनाऱ्याला लागतं, त्याला मोहरीएवढी पिल्लं चिकटलेली असतात. ती गोळा करून इथे आणतात, दोरावर लावतात आणि वरून सुती जाळीची पिशवी चढवतात. सुत कुजेपर्यंत पिल्लांनी दोर घट्ट धरलेला असतो.

बाबा म्हणाले, "म्हणजे सुत फक्त धरेपर्यंत पाहिजे." आणि गप्प झाले.

मग मी ते केलं जे मी सकाळी करायला हवं होतं. जाऊन विचारलं. "बाबा, आता शिंपल्या येणार, आणि बरोबर वाइन. खाली टेबलाशी बसायचं की वर डेकवर?"

"वर. वारा आहे, वास येणार नाही. पण शिंपल्या घेऊन ये, भरपूर."

मी बोटीवरच्या मुलीला सांगितलं की आम्हा तिघांना वाइन नको. मला वाटलं होतं ती विचारेल, आग्रह करेल. ती "बरं" म्हणाली आणि लिंबूपाणी घेऊन आली. एवढंच! ज्या गोष्टीला मी महिनाभर टाळलं, ती दहा सेकंदांत झाली.

शिंपल्या नुसत्या वाफवलेल्या. मीठ पण नाही, त्यांच्याच रसात. आईने पर्समधून डबी काढली. वेलिंग्टनच्या देशी दुकानातून घेतलेला मसाला! वर्षभर पुरवेल अशा बेताने चिमूट चिमूट घातला. बाबांनी एक शिंपली उघडली, आतलं मांस नारिंगी. दुसरी उघडली, पांढरट. मला म्हणाले, "नारिंगी ती मादी, पांढरा तो नर. आपल्याकडे पण तसंच." दोन मिनिटांनी कप्तानाने माइकवरून तेच सांगितलं. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि खाता खाता ते बोलायला लागले. पहिल्यांदा. ओहोटीला कोयता घेऊन आजोबांबरोबर काकई काढायला कसे जायचे, पायाला कशा चिरा पडायच्या. मग हळूच, पहिल्यांदा प्यायले ते पण काकईबरोबरच, खडपावर, मित्रांसोबत, सतराव्या वर्षी. मग म्हणाले, "तुझ्या बारावीच्या निकालाला मी गॅरेजमध्येच होतो. शटर ओढून आत. पेढे घेतले होते. पण पिऊन घरी कसा येऊ, म्हणून आलो नाही. पेढे मग मीच खाल्ले."

आई समोर बसली होती. तिला पण हे माहीत नव्हतं.

कोणी काही बोललं नाही. आईने त्यांच्या पुढ्यात अजून एक वाटी सरकवली. त्यांनी मोजून एकतीस खाल्ल्या. सांगितलं हो, बाबा! एकतीस.

आता कोणी जाणार असाल तर कामाच्या गोष्टी. एक, टेस्टिंग आणि बोट एकाच दिवशी करायची असेल तर गाडी स्वतः चालवू नका, व्हॅन घ्या. दोन, दोनच वाइनरी पुरेत. प्रत्येक ठिकाणचे दोन-तीन घोट मिळून हिशेब मोठा होतो. तीन, शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर बुक करतानाच सांगा. चार, न पिणारं कोणी बरोबर असेल, कारण काहीही असो, तर बुक करण्याआधी ईमेल करा. मी नंतर दुसऱ्या एका ठिकाणी केला. एका दिवसात उत्तर आलं, न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस आणि मळ्यातली फेरी देतो म्हणून.

आणि पाचवी गोष्ट ट्रिपची नाही. तुमच्या घरात कोणी दारू सोडली असेल, तर त्यांच्यापासून दारू लपवणं म्हणजे त्यांची काळजी घेणं नव्हे. मला तसंच वाटायचं. त्यांना आधी सांगा. काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. नऊ वर्षं रोज तेच तर ठरवतायत ते, आपल्यापेक्षा त्यांना जास्त जमतं. आणि कोणाला सोडायची असेल पण सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंग महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात, पुण्यात मुक्तांगण आहे. घरच्या लोकांसाठी पण वेगळे गट असतात. मी आता अशा एका ऑनलाइन गटात जाते. दर रविवारी. बाबांना सांगितलंय.

बाबा परत गेले तेव्हा त्यांच्या बॅगेत त्या बोटीवरची रिकामी शिंपली न्यायची फार इच्छा होती. मी म्हटलं विमानतळावर उगाच भानगड नको. तर त्यांनी ती माझ्या खिडकीत ठेवली. अजून तिथेच आहे. थोडा वास येतो, पण असू दे.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरी फोन करून झाला का आज? नसेल तर हा भाग संपल्यावर करा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.